'स्पीड' : एका क्रियापदाची गती

काही वर्षांपूर्वी आम्ही इंग्रजी म्हणींचे एक छोटे पुस्तक मराठीत आणण्याचे काम अंगावर घेतले होते. काम सोपे वाटले म्हणूनच घेतले, आणि सोप्या वाटलेल्या कामांचे जे होते तेच त्याचे झाले. त्या पुस्तकात 'मोअर हेस्ट, लेस स्पीड' अशी एक म्हण होती. आम्ही फारसा विचार न करता 'घाई अधिक, वेग कमी' असे लिहून पुढे गेलो. मुद्रिते तपासणारे गृहस्थ निवृत्त शिक्षक होते. त्यांनी त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि समासात एवढेच लिहिले : "घाई केली तर वेग वाढतो की कमी होतो?"

आम्ही त्यांना समजावले की हा विरोधाभास आहे. घाईत माणूस धडपडतो, केलेले काम पुन्हा करावे लागते, आणि मग एकूण वेळ जास्तच लागतो. त्यांनी मान हलवली, पण त्यांचे समाधान झालेले दिसेना. खरे सांगायचे तर आमचेही झाले नव्हते. म्हण लोकांच्या तोंडची असते, आणि लोक सहसा एवढे आडवळणाचे विरोधाभास रचत नाहीत. म्हणून जरा उशिराने का होईना, कोश उघडला. तेव्हा कळले की या म्हणीतल्या 'स्पीड'चा वेगाशी संबंधच नाही. जॉन हेवुड याने १५४६ साली इंग्रजी म्हणींचा संग्रह छापला, त्यात ही म्हण आहे. त्या काळी 'स्पीड' म्हणजे कार्यसिद्धी, हाती घेतलेले काम तडीस जाणे. म्हणजे म्हणीचा अर्थ सरळ होता : जितकी घाई जास्त, तितके यश कमी. आपल्या घाटरस्त्यांवर 'अति घाई संकटात नेई' अशा पाट्या असतात, त्यांच्याच जातीची ही म्हण. विरोधाभास तिच्यात कधीच नव्हता. शब्दाचा अर्थ पालटला आणि म्हण मागे राहिली, त्यामुळे तो आता दिसू लागला.

भाषांतरातली चूक सुधारली गेली, पण तो शब्द डोक्यातून गेला नाही. आज जे क्रियापद आपण वेगाने धावणे, सुसाट जाणे याच अर्थाने ओळखतो, ते काही शतकांपूर्वी सुखरूप पोचण्याचे आणि काम फत्ते होण्याचे क्रियापद होते. त्यातले पोचणे कधी गळून पडले आणि नुसते धावणे कसे उरले, हे शोधताना आम्हांला जे सापडले ते येथे मांडत आहोत.

हजार-अकराशे वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत या शब्दाचा उच्चार आजच्यासारखा 'स्पीड' नव्हता. दीर्घ एकार घेऊन तो 'स्पेऽड' असा होई. त्याचे अर्थ होते यश, भरभराट, संपत्ती, सामर्थ्य. त्यावरून झालेल्या क्रियापदाचा अर्थ भरभराटीस येणे, सफल होणे. या अर्थांत कुठे घोडा नाही, चाक नाही, पायही नाहीत. मात्र त्याच नामाचे एक रूप क्रियाविशेषणासारखे वापरले की 'झटकन', 'झपाट्याने' असा अर्थ निघे. जे काम नीट चालले आहे ते भराभर होते, हा साधा अनुभव त्यामागे असावा. आजच्या अर्थाचे बी तेवढेच होते. पुढल्या काळात दीर्घ 'ए'चा 'ई' झाला आणि शब्द आजच्या रूपाला आला. त्याच्या भूतकाळी रूपात, म्हणजे 'स्पेड'मध्ये, तो स्वर आधीच ऱ्हस्व झालेला असल्यामुळे त्या बदलातून वाचला. इंग्रजी शिकताना 'फीड'चे 'फेड' आणि 'लीड'चे 'लेड' आपण सर्वांनी घोकले आहे. ती जोडी अशीच तयार झाली.

या शब्दाचे गोत पाहिले की जुना अर्थ आणखी स्पष्ट होतो. डच भाषेतल्या 'स्पूड' या सख्ख्या भावंडाचा अर्थ आज तातडी, निकड असा आहे. पण त्याच भाषेत 'फोरस्पूड' म्हणजे भरभराट आणि 'टेखनस्पूड' म्हणजे विपत्ती. मूळ शब्द वेगाकडे गेला तरी जोडशब्दांत समृद्धी टिकून राहिली. रशियनमध्ये 'उस्पेख' म्हणजे यश आणि 'स्पेशित्' म्हणजे घाई करणे, आणि दोन्हींचे मूळ एकच. लॅटिनमधला आशा या अर्थाचा 'स्पेस' हाही याच कुळातला मानतात. तसे असेल तर निराशेसाठी इंग्रजीत आलेला 'डिस्पेअर' हा 'स्पीड'चा दूरचा चुलतभाऊ ठरतो.

आपल्या घरातही या गोताचा एक सदस्य आहे. भाषाशास्त्रज्ञ संस्कृतातल्या 'स्फाय्' या धातूला याच मूळाशी जोडतात. स्फाय् म्हणजे वाढणे, पुष्ट होणे, आणि त्याचे विशेषण 'स्फीत'. वाल्मीकीने बालकांडात कोसल देशाचे वर्णन करताना हेच विशेषण योजले आहे. तेथे त्याचा अर्थ धनधान्याने भरलेला असा आहे. अर्थशास्त्राच्या पुस्तकांतून येणाऱ्या 'मुद्रास्फीती'त तोच शब्द फुगवट्याच्या अर्थाने उतरला. म्हणजे इंग्रजी भावंड धावायला लागले, आणि संस्कृत भावंड जागीच राहून वाढत गेले.

इंग्रजीतला जुना अर्थ समजून घ्यायचा तर चॉसरकडे जावे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या 'कँटरबरी टेल्स'च्या आरंभी लंडनजवळच्या साउथवर्क येथे एका खानावळीत यात्रेकरू जमतात. खानावळीचा मालक त्यांना निरोपाच्या स्वरात म्हणतो की देव तुम्हांला 'स्पीड' करो. आजच्या वाचकाला वाटावे की तो घोडे पिटाळायला सांगतो आहे. पण हे यात्रेकरू गोष्टी सांगत, रमतगमत जाणारे लोक. कँटरबरीच्या यात्रेकरूंच्या त्या आरामशीर चालीवरून इंग्रजीला पुढे घोड्याच्या मध्यम चालीचे 'कँटर' हे क्रियापद मिळाले. ज्यांना 'स्पीड'चा आशीर्वाद मिळाला, त्यांच्याच नावाने संथ दौडीचा शब्द रुळावा, यावरूनच त्या आशीर्वादात वेग नव्हता हे उघड आहे. त्यात होते ते एवढेच : वाटेत विघ्न न येवो, यात्रा सुफळ होवो.

दुसरे उदाहरण १६११ सालच्या राजा जेम्सच्या आज्ञेने झालेल्या बायबलच्या भाषांतरातले. उत्पत्तीच्या चोविसाव्या अध्यायात अब्राहामाचा सेवक धन्याच्या मुलासाठी, इसहाकासाठी, वधू शोधायला परमुलखात जातो. संध्याकाळची वेळ आहे, गावाबाहेरच्या विहिरीपाशी त्याने उंट बसवले आहेत, आणि तो देवाकडे आजच्या दिवसापुरते 'गुड स्पीड' मागतो आहे. उंट बसलेले असताना कोणी वेग मागत नाही. त्याला हवी आहे ती कार्यसिद्धी. आणि याच भाषांतरात एज्राच्या पुस्तकात राजाज्ञा 'स्पीड'ने अमलात आणावी असे म्हटले आहे, तेथे अर्थ त्वरेचा आहे. म्हणजे सतराव्या शतकाच्या आरंभी एकाच ग्रंथात हे दोन अर्थ शेजारी नांदत होते, आणि वाचकाला त्यात अडचण वाटत नव्हती.

त्यानंतर नऊ वर्षांनी, १६२० साली, इंग्लंडमधून अमेरिकेकडे निघालेल्या धर्मनिष्ठ स्थलांतरितांच्या 'मेफ्लॉवर' या जहाजाची कथा सर्वांना माहीत आहे. त्याच्या जोडीला निघालेले दुसरे जहाज मात्र सहसा कोणाच्या लक्षात राहत नाही. त्याचे नाव 'स्पीडवेल'. आज ते नाव वेगवान जहाजाचे वाटते. त्या काळच्या कानाला ते 'सुफळ होवो' असे ऐकू येत असे. निळ्या रंगाचे एक इवलेसे रानफूल याच नावाने ओळखले जाते, आणि फुलाला वेग असण्याचे काही कारण नाही. ते जहाज मात्र नावाला जागले नाही. त्यात पाणी शिरू लागले, दोनदा बंदरात परतावे लागले, आणि अखेर त्याला मागे ठेवून 'मेफ्लॉवर' एकटेच १०२ प्रवासी घेऊन पुढे गेले. 'स्पीडवेल'चे अपयश मंद असण्याचे नव्हते, न पोचण्याचे होते. जुन्या अर्थाने पाहिले तर नाव आणि नशीब यांतली विसंगती अधिकच बोचते.

या क्रियापदाचा जुना वापर आणखी एका बाबतीत आजच्याहून निराळा होता. माणूस चांगला 'स्पीड' होऊ शकत असे तसाच वाईटही. बाजारातून किंवा कचेरीतून परतलेल्याला तुझे कसे काय 'स्पीड' झाले असे विचारता येई. आपण 'कसे काय निभावले?' म्हणतो तसेच ते होते. निभावण्याचा पुढला अर्थ संपणे, आणि तोही या शब्दाला चिकटला. शेक्सपिअरच्या 'रोमिओ अँड ज्युलिएट'मध्ये टिबॉल्टच्या तलवारीने घायाळ झालेला मर्क्युशिओ स्वतःबद्दल 'स्पेड' हाच शब्द वापरतो. तो 'मी धावलो' म्हणत नसून 'माझे आटोपले' म्हणतो आहे. मिल्टनने १६३७ साली लिहिलेल्या 'लिसिडस' या विलापिकेत कळपाची काळजी न करणाऱ्या, स्वतःपुरते पाहणाऱ्या धर्मगुरूंना हाच शब्द लावला आहे. तेथे त्याचा अर्थ 'यांचे भागले' असा आहे. एकाचे आयुष्य आटोपले, दुसऱ्यांचे पोट भरले, आणि क्रियापद एकच. कारण दोन्हीकडे गोष्ट आपल्या शेवटाला गेली आहे. शेवट ही या शब्दाची मुख्य कल्पना होती.

अठराव्या शतकात अलेक्झांडर पोपच्या नावे प्रसिद्ध झालेल्या 'ओडिसी'च्या भाषांतरात (१७२५-२६) आतिथ्यधर्म सांगणारी एक ओळ आहे आणि ती पुढे म्हणीसारखी रुळली. येणाऱ्याचे स्वागत करावे आणि जाणाऱ्या पाहुण्याला 'स्पीड' करावे, असा तिचा आशय. आज ती ऐकून लोक हसतात, कारण पाहुण्याला लवकर वाटेला लावा असा तिचा अर्थ वाटतो. मूळ आशय पाहुण्याला अडवून न ठेवता, शुभेच्छांसह मार्गस्थ करण्याचा. या एका ओळीत शब्द उंबरठ्यावर उभा दिसतो. शुभेच्छा अजून आत आहे आणि त्वरा दारातून डोकावते आहे.

मग जुना अर्थ गेला कुठे? आमच्या मते त्याची दोन कारणे आहेत. पहिले भाषेच्या घरातले. पंधराव्या-सोळाव्या शतकांत 'प्रॉस्पर', 'सक्सीड', 'सक्सेस' हे लॅटिन-फ्रेंच वळणाचे शब्द इंग्रजीत स्थिरावत गेले. यश आणि भरभराट यांची कामे त्यांनी घेतली. नवे कारभारी आले की जुन्याच्या हाती एखादेच खाते उरते, तसे 'स्पीड'च्या हाती त्वरेचे खाते उरले. दुसरे कारण भाषेबाहेरचे, आणि ते अधिक महत्त्वाचे. जुने 'स्पीड' मोजता येत नव्हते. ते मिळे किंवा मिळत नसे. माणसाने अंतर आणि वेळ दोन्ही काटेकोर मोजायला सुरुवात केली, तेव्हा त्या मोजमापाला एक शब्द हवा होता, आणि हा हाताशी होता. 'स्पीड लाभो' म्हणणारी भाषा 'स्पीड किती?' असे विचारू लागली. प्रश्न बदलला की शब्द बदलतो.

हा बदल रस्त्यावर कसा झाला याच्या काही तारखा सांगता येतात. २ ऑगस्ट १७८४ रोजी जॉन पामर याच्या योजनेनुसार टपाल घेऊन पहिली घोडागाडी ब्रिस्टलहून दुपारी चार वाजता सुटली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता लंडनला पोचली. ज्या टपालाला पूर्वी ३८ तासांपर्यंत वेळ लागे ते १६ तासांत गेले. या गाड्यांवरच्या पहारेकऱ्याजवळ पुढे पेटीत कुलूपबंद केलेले घड्याळ असे. वाटेत काट्यांशी खेळता येऊ नये हा त्याचा हेतू. टपाल सुखरूप पोचले की नाही या प्रश्नाच्या शेजारी आता ते किती मिनिटे उशिरा पोचले हा प्रश्न येऊन बसला. टॉमस डी क्विन्सी याने १८४९ साली या टपालगाड्यांवर निबंध लिहिला तेव्हा त्यांचा काळ सरत आला होता. त्याच्या आठवणीत उरला होता तो गतीचा उन्माद. गाडी कुठे पोचते याला त्यात दुय्यम स्थान होते.

मग आगगाडी आली. ऑक्टोबर १८२९ मध्ये रेनहिल येथे इंजिनांची स्पर्धा झाली. तीत जिंकलेल्या स्टीफन्सनच्या 'रॉकेट'ने ताशी सुमारे ३० मैलांपर्यंत, म्हणजे ४८ किलोमीटरच्या आसपास, मजल मारली. पुढल्या वर्षी १५ सप्टेंबर १८३० रोजी लिव्हरपूल-मँचेस्टर लोहमार्गाचे उद्घाटन झाले. पंतप्रधान ड्यूक ऑफ वेलिंग्टन हजर होते. वाटेत गाडी पाण्यासाठी थांबली असता संसदसदस्य विल्यम हस्किसन खाली उतरले आणि ड्यूकशी बोलण्यासाठी त्यांच्या डब्यापाशी गेले. तेवढ्यात शेजारच्या रुळांवरून 'रॉकेट' आले. त्याखाली सापडून त्यांचा पाय चिरडला. त्यांना दुसऱ्या इंजिनामागे घालून स्टीफन्सनने स्वतः गाडी हाकली आणि ताशी सुमारे ३६ मैल या, तोवर अनुभवास न आलेल्या, वेगाने त्यांना एक्लस या गावी नेले. त्याच रात्री ते वारले. येथे या शब्दाचे दोन्ही अर्थ वापरून पाहावेत. नव्या अर्थाने त्या दिवशी 'स्पीड' भरपूर होते. जुन्या अर्थाने ते मुळीच लाभले नाही.

चौदा वर्षांनी, १८४४ साली, टर्नरने पावसातून पूल ओलांडणाऱ्या आगगाडीचे चित्र रंगवले आणि त्याच्या नावात पाऊस व वाफ यांच्या पंक्तीला 'स्पीड' बसवले. पाऊस आणि वाफ या निसर्गातल्या वस्तू. त्यांच्या शेजारी बसताच 'स्पीड'ही एक स्वतंत्र वस्तू झाली. कोणाचे, कशासाठी, कुठवर, हे विचारण्याची गरज उरली नाही. चित्रात इंजिनापुढे रुळांवरून जीव घेऊन पळणारा एक ससा आहे. तो मोठ्या मुश्किलीने दिसतो.

शब्दाच्या प्रवासातला शेवटचा टप्पा सर्वांत चमत्कारिक. ब्रिटनच्या १८६५च्या कायद्याने स्वयंचलित वाहनांना गावाबाहेर ताशी चार आणि वस्तीत ताशी दोन मैलांची मर्यादा घातली, आणि पुढे साठ यार्डांवर लाल निशाण घेतलेला माणूस चालवला. निशाणाची सक्ती १८७८ मध्ये गेली, पण मर्यादा राहिली. जानेवारी १८९६ मध्ये केंट परगण्यातील पॅडक वुड गावातून वॉल्टर आर्नल्ड हा इसम दोनच्या जागी आठ मैलांच्या वेगाने मोटार घेऊन गेला. सायकलवरच्या शिपायाने त्याचा पाठलाग करून त्याला पकडले. अतिवेगासाठी त्याला एक शिलिंग दंड आणि खटल्याचा खर्च भरावा लागला. ब्रिटनमध्ये या गुन्ह्यासाठी शिक्षा झालेला तो पहिला मनुष्य मानला जातो.

त्याच वर्षी १७ ऑगस्टला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारात ब्रिजेट ड्रिस्कॉल ही स्त्री मोटारीखाली सापडून मरण पावली. चालकाच्या म्हणण्याप्रमाणे गाडी ताशी चार मैलांनी चालली होती. पाहणाऱ्या साक्षीदाराला तोच वेग भयंकर वाटला होता. चौकशीत अपघाती मृत्यू असा निकाल लागला, आणि असा प्रकार पुन्हा होणार नाही अशी आशा तपासणी अधिकाऱ्याने बोलून दाखवली. त्यानंतर तीन महिन्यांनी, नोव्हेंबरात, मर्यादा वाढवणारा नवा कायदा अमलात आला. १९०३च्या कायद्याने ती ताशी वीस मैल केली. १९३०च्या कायद्याने मोटारींवरची मर्यादा काढूनच टाकली. १९३४च्या कायद्याने वस्त्यांतून तीस मैलांची मर्यादा परत आणली आणि ती मार्च १९३५ पासून लागू झाली. या ओढाताणीच्या काळात इंग्रजी बोलणाऱ्यांनी 'स्पीड' या क्रियापदाला एक नवा अर्थ दिला : कायद्याने ठरवलेल्या वेगाहून अधिक वेगाने वाहन हाकणे. ज्या क्रियापदाने आशीर्वाद दिला जाई त्याच क्रियापदाने आता आरोपपत्र लिहिले जाऊ लागले. व्याकरणानेही या फाटाफुटीची नोंद घेतली आहे. बाण किंवा गाडी सुसाट गेली तर भूतकाळात जुने 'स्पेड' वापरतात, पण काम किंवा यंत्र वेगवान केले तर 'स्पीडेड अप'. नव्या व्यवहाराला नवे नियमित रूप मिळाले.

जुना अर्थ आज जिवंत आहे तो मुख्यतः एका निरोपाच्या शब्दात, 'गॉडस्पीड'मध्ये. २० फेब्रुवारी १९६२ रोजी जॉन ग्लेन पृथ्वीप्रदक्षिणेसाठी निघाले तेव्हा त्यांचे सहकारी स्कॉट कार्पेंटर यांनी रेडिओवरून त्यांना याच शब्दाने निरोप दिला. ग्लेन यांचे यान ताशी सुमारे २८,००० किलोमीटर वेगाने फिरणार होते. इतक्या वेगाने निघालेल्याला आणखी वेग कसला इच्छायचा? कार्पेंटर यांनी पुढे याचा खुलासा केला. त्या उड्डाणात सारे काही वेगावर अवलंबून होते. तेवढा वेग गाठता आला की मोहीम यशस्वी, म्हणून तो मिळो असे त्यांना त्या क्षणी वाटले. हजार वर्षांपूर्वीचे दोन अर्थ त्या एका वाक्यात पुन्हा एकत्र आले. पण ते एकत्र येण्यासाठी वेग हेच यश असलेला प्रसंग लागला. आपले रोजचे प्रवास तसले नसतात.

आता थोडे आपल्याकडे पाहू. इंग्रजी आपल्याकडे रुजली तेव्हा 'स्पीड'चा जुना अर्थ तिच्यातूनच उतरला होता. आम्हांला मिळाला तो घड्याळाचा आणि रुळांचा शब्द. शाळेच्या विज्ञानात त्याला 'चाल' म्हणतात आणि 'वेग' हा शब्द दिशेसह मोजलेल्या राशीसाठी राखून ठेवतात. रस्त्यावर तो 'स्पीडब्रेकर'मध्ये भेटतो, त्याला सरकारी पाटीवर 'गतिरोधक' म्हणतात. टपालखात्यात १ ऑगस्ट १९८६ पासून 'स्पीड पोस्ट' आहे. आमच्या वडिलांच्या पिढीला महत्त्वाचा कागद पाठवायचा तर तो 'रजिस्टर'ने जाई. तो कधी पोचतो याहून पोचतो याला तेथे किंमत होती, आणि पोचल्याची सही परत येत असे. सप्टेंबर २०२५ मध्ये ती नोंदणी टपालाची स्वतंत्र सेवा स्पीड पोस्टात विलीन झाली. व्यवहाराच्या दृष्टीने ते योग्यच असेल, नोंदणीची सोयही त्यात आहे. पण इंग्रजी शब्दाचा इतिहास डोक्यात घेऊन ती बातमी वाचताना आम्हांला क्षणभर गंमत वाटली. पोचण्याने वेगाच्या घरी बिऱ्हाड केले होते, आणि ते घर मुळात पोचण्याचेच होते.

मराठीत मात्र नेमका उलटा प्रवास झालेला दिसतो. 'गती' हा शब्द 'गम्', म्हणजे जाणे, या धातूपासून आला. त्याची सुरुवात हालचालीपासून झाली. पण तो तेथे थांबला नाही. सद्गती आणि अधोगती यांत तो माणसाच्या अंतिम अवस्थेचा शब्द झाला. 'काय गत झाली!' म्हणताना आपण कोणाच्या वेगाबद्दल बोलत नसतो. 'त्याला गणितात चांगली गती आहे' म्हणजे तो उदाहरणे भरभर सोडवतो एवढेच नव्हे, त्याला विषय कळतो. 'गत्यंतर नाही' म्हणजे दुसरा उपाय नाही. ज्याला कुठेच आसरा नाही तो 'अगतिक', आणि गीतेत ईश्वरालाच 'गती' म्हटले आहे. इंग्रजीचा शब्द यशापासून निघाला आणि हालचालीत येऊन थांबला. आपला शब्द हालचालीपासून निघाला आणि मुक्कामापर्यंत गेला. यात आपल्या भाषेचा मोठेपणा सांगण्याचा हेतू नाही. द्रुतगती महामार्गाच्या पाटीवर आपलाही शब्द आता वेगापुरताच उरला आहे, आणि पुढल्या शंभर वर्षांत त्याचेही 'स्पीड' होणार नाही असे कोणी सांगावे?

म्हणींच्या त्या पुस्तकात शेवटी 'घाई जास्त, सिद्धी कमी' असे छापले गेले. पेन्सिलवाल्या गुरुजींना ते दाखवले तेव्हा त्यांनी चष्मा सरसावून वाचले आणि म्हणाले, "हे आता कळते." मग त्यांनी विचारले की तो जुना निरोप, देव तुम्हांला 'स्पीड' करो, तो मराठीत कसा आणाल? आम्ही 'कल्याणमस्तु', 'शुभास्ते पन्थानः' असे दोन-तीन जड पर्याय पुढे केले. त्यांना एकही पटला नाही. बोलता बोलता आम्ही निघालो. ते फाटकापर्यंत सोडायला आले, आणि फाटक लावताना सवयीने म्हणाले, "सावकाश जा."

रस्त्याला लागल्यावर आमच्या ध्यानात आले की भाषांतर झाले होते.